जामसावळीचा मारुती आणि मायची चप्पल

मी सौंसरकडचा, हिंदी शाळेत शिकलेला माणूस. शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या.

गोष्ट २०१७ च्या मृग बहाराची, संत्रा तोडायचे दिवस. बगीच्यात गाडी उभी, एक मजूर कमी. म्हटलं, आपणच हात लावू. वीस-पंचवीस किलोचं कॅरेट कमरेतून वाकून उचललं आणि तसाच गाडीकडे वळलो. कमरेत कट्कन झालं अन् मी झाडाला धरून उभा. ना बसता येई, ना चालता.

मग आपल्याकडे होतं ते सगळं झालं. शेजारचा एक पोरगा पायाळू, त्याच्याकडून कमरेवर तीन लाथा मारून घेतल्या. निर्गुडीचा पाला बांधला, वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेकलं. शेकाने बरं वाटायचं, खोटं कायले बोलू. लाथांनी फक्त पोरगा खूश झाला. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा एकच सल्ला, निजून राहा. पंधरा दिवस मी बाजेवर. जेवण तिथंच, चहा तिथंच. बाज मधून ढिली पडलेली, त्यात कंबर पाळण्यासारखी लोंबायची. शेवटी संडासला न्यायला दोन माणसं लागू लागली.

माय तेव्हा अडुसष्टची. एक दिवस दारात येऊन म्हणाली, "काऊन रे, जामसावळीचा मारुती निजून हाय. तो देव हाय, त्याले जमते. तू कायले निजून रायला? ऊठ."

नागपूरच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, मारुतीचं नाव न घेता. नस दबलेली नाही, स्नायू आखडलाय, निजाल तेवढा जास्त आखडेल. पहिल्या दिवशी घरापासून विहिरीपर्यंत चाललो, तर डोळ्यांत पाणी आलं. महिन्याभरात बगीच्याचा धुरा पुरा फिरू लागलो. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताच्या जोरावर उठायचं. बाजेची दोरी आवळून घेतली, वर गादी टाकली. हिशोबाची वही मांडीवरून टेबलावर गेली. मोटारसायकलने पांढुर्ण्याला जाताना अर्ध्या वाटेत उतरून चार पावलं चालतो, चहाचं निमित्त असतेच. कॅरेट आता अर्धंच भरतो, गुडघे वाकवून, पोटाशी धरून उचलतो. वळायचं तर पावलं वळवतो, कंबर नाही. मजूर पहिले हसले. आता त्यातले दोघं तसंच उचलतात.

तीन-चार महिन्यांनी बरं वाटलं म्हणून सगळे मारुतीच्या दर्शनाला गेलो. गाडीतून उतरून माय पुढे चालत होती. तिच्या उजव्या पायातली चप्पल मागेच राहिली आणि ती तशीच चालत गेली. मी चप्पल हातात घेऊन हाक मारली. तिने खाली पाहिलं, तेव्हा तिला कळलं.

"असंच होते," म्हणाली. "पाय बधिर रायते."

"कवापासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

म्हणजे मी बाजेवर पडून होतो तेव्हाही. मले विटेचा शेक देणारी तीच होती. चाळीस वर्षं तिने कापूस वेचला, कमरेला झोळी बांधून, पऱ्हाटीवर वाकून. झोळी भरत जाते तशी कंबर पुढे ओढली जाते, आणि ती रिकामी करायले धुऱ्यापर्यंत जावं लागते. "बाईची कंबर दुखतेच," एवढंच घरात ऐकलं होतं. मीही हेच म्हटलं असेल, आता नक्की आठवत नाही. २०२० साली जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मायचं नाव अशा मोजणीत कुठून येणार, तिने कोणाला सांगितलंच नव्हतं.

एमआरआयमध्ये नस दबलेली निघाली. ऑपरेशन झालं, दुखणं गेलं. पायाचा जोर मात्र पुरता आला नाही. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायचं होतं. नुसती कंबर दुखली तर बहुतेक वेळा चालत-फिरत बरी होते. पण पाय बधिर झाला, पंजा उचलेना, लघवीवरचा ताबा गेला, किंवा कंबरदुखीसोबत ताप आला, तर शेक देत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. हे मले ४९ व्या वर्षी कळलं. घरात शिकलेला मीच होतो.

२०२३ ला पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. माय आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे, सकाळी काठी घेऊन धुऱ्यापर्यंत येते. साध्या चपला बंद केल्या, मागून पट्टा असलेल्या आणल्या. तिला वाकता येत नाही, म्हणून पट्टा मी लावतो. गुडघे टेकून बसलो की वरून आवाज येते, "हळू बस बाप्पा, कंबर धरंल तुही."