बोट उचलल्यानंतरचा सूर

काही दिवस कीबोर्ड उलटाच वागत होता. सस्टेन पेडल दाबलं की सूर तुटायचा, सोडलं की रेंगाळायचा. काही पेडलमधला स्विच पाय नसताना जोडलेला असतो, काहींमधला सुटलेला; आणि बरेच कीबोर्ड चालू होतानाच ही स्थिती ओळखून ठेवतात. म्हणून पेडलवर पाय न ठेवता कीबोर्ड बंद करून पुन्हा चालू केला. उलटेपणा गेला, पण सूर मधेच गळायचा तो गळतच राहिला.

मग पेडल उघडलं. आत पितळेची एक पातळ पट्टी, टोकाला काळपट थर. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने हलकेच पुसत गेलो, तसा खालचा पिवळा रंग वर आला. तो दिसल्यावर मन का निवलं, सांगता येणार नाही.

हार्मोनियमवर वाढलेल्या माझ्या हातांना बोट उचललं की सूर संपणं स्वाभाविक वाटायचं. पियानोत मात्र पेडल दाबताच सगळे डँपर वर उचलले जातात आणि न वाजवलेल्या ताराही गुणगुणू लागतात. इथे कीबोर्डच्या मिडी संदेशात नुसता आकडा जातो: कंट्रोलर 64, किंमत 63 पर्यंत बंद, 64 पासून चालू. एवढ्याशा आकड्यावर यमनातला तीव्र मध्यम हात निघून गेल्यावरही खोलीत राहतो. मला त्या राहण्याची ओढ आहे, थोडी भीतीही. पुढचा पंचम त्यात मिसळतो, गढूळ होतो.

अर्धं दाबता येणारं पेडल वेगळं मिळतं, कीबोर्डनेही ते ओळखायला हवं. घ्यावं का, अजून ठरत नाही.