चार बोटं माया

वणीच्या सप्तशृंगीला अकरा वार साडी आणि चोळीला तीन खण लागतात, हे आम्हा नाशिकच्या मुलींना फार लहानपणी ठाऊक झालं. घरात कापड बेतायला बसलेल्या बाईच्या तोंडी ते हटकून यायचं. देवीला तीन खण, आमच्या पोलक्याचं मात्र एकाच खणात भागवायचं! साठच्या दशकात वार जाऊन मीटर आला, तरी मेनरोडच्या दुकानात आया ‘अडीच वार पॉपलीन’च मागत आणि दुकानदार मनातल्या मनात हिशेब करून मीटरच्या पट्टीवर कापड मोजून देई. शिवणाची टेप तर आजही इंचांतच बोलते.

मशीन म्हणजे उषा, सिंगर नाहीतर मेरिट. जुन्या नाशकातल्या वाड्यांत उजेड बेताचा, म्हणून ते खिडकीशी ठेवलेलं असे. दुपारचं मागचं आवरलं की त्याची लाकडी पेटी उघडायची आणि मग चारच्या चहापर्यंत पायट्याचा आवाज. झबली, टोपडी, कुंच्या, परकर-पोलकी, नाडीचे लेंगे, वडिलांच्या बंड्या, उशांचे अभ्रे, सगळं तिथेच व्हायचं. शिंप्याकडे जायचं ते फक्त वडिलांच्या पँटसाठी. बटणं, हूक, लेस आणायला आम्हाला बोहोरपट्टीत पिटाळत, नमुन्याची चिंधी मुठीत देऊन, म्हणजे रंगात फसगत नको.

त्या शिवणातली खरी अक्कल होती माया, म्हणजे आत जास्तीचं कापड, सोडण्यात. बगलेत दोन बोटं, घेराला चार बोटं. फ्रॉक वाढत्या अंगाचाच बेतायचा, आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी त्याची खालची दुमड उसवायची. आतलं कापड ना उन्हाने विटलेलं ना धुण्याने, त्यामुळे इस्त्री फिरवल्यावर जुन्या घडीच्या रेषेखाली गडद पट्टा उमटायचा. जुनी रेष झाकायला तिच्यावर नागमोडी लेस. पुढच्या जूनमध्ये आणखी एक. वर्गात एखादीच्या फ्रॉकवरच्या लेसा मोजल्या की फ्रॉकचं वय कळे. त्याची लाज कुणाला वाटत नसे, निम्म्या वर्गाचं तसंच होतं. मग तो धाकटीकडे जायचा, तिथून पिशवीत आणि शेवटी गोधडीत.

शाळेत शिवणाचा तास असे. धावदोरा, हेम, काजं, रफू, ठिगळ असे नमुने करून वहीत चिकटवायचे. काज्याचे टाके दाट आणि सारखे आले नाहीत तर बाई सगळं उसवून परत करायला लावत. आम्ही तेव्हा रडायचो. आज वाटतं, हात बसला तो त्या उसवण्यानेच.

पुढे आम्ही शिवण सोडलं, ते आळसाने नव्हे. बँका, शाळा, एलआयसी, नाशिकरोडचं प्रेस अशा नोकऱ्या लागल्या आणि दुपारच हातातून गेली. 1982च्या संपानंतर मुंबईच्या कितीतरी गिरण्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. आमच्या ओळखीचं पॉपलीन आणि व्हॉइल बाजारात कमी होत गेलं. तयार कपडा शिलाईपेक्षा स्वस्त पडू लागला. मशीनवर आधी पडदा आला, मग फोन, मग देवांच्या तसबिरी.

हे सगळं उतरलं ते 2020च्या टाळेबंदीत. मास्क मिळेनात तेव्हा जुन्या सुती साड्या फाडून तीन पदरी मास्क शिवायला किती जणींनी मशीनं उघडली! चामड्याचा पट्टा वाळून सैल पडलेला, तो थोडा कापून पुन्हा आकड्यात अडकवायचा. शटलखालचं वर्षांचं कीट काडीने खरवडायचं, तेल सोडायचं आणि दोरा न ओवता रद्दी पेपरवर टीप मारत राहायचं, आवाज मोकळा होईपर्यंत. सुई ओवायला आता चष्मा आणि वर दिवा लागतो. गुडघे कुरकुरतात, म्हणून कित्येकींनी मोटर बसवून घेतली. पण उलटा पाय पडून चाक मागे फिरलं तर ते तळहाताने थोपवायची सवय जशीच्या तशी होती.

मास्क संपले तशा आम्ही कपाटातल्या तयार कुर्त्यांकडे वळलो. अंगात घट्ट झालेले होते, वाटलं बगलेत सोडावेत. उलटे करून पाहिलं तर आत सोडायला काही नाहीच! ओव्हरलॉक मशीन शिवताना कडेचं जास्तीचं कापड कापूनच टाकतं आणि उरलेल्या कडेला दोऱ्याने बांधून घेतं. कापड धड, रंग धड, आणि कपडा मात्र बाद. आपण स्वस्ताईच्या बदल्यात काय दिलं हे मला त्या शिवणीत दिसलं. घरचा कपडा पुन्हा उसवायचा हे धरूनच शिवलेला असायचा. हा तयार कपडा अंगावर चढतो तेव्हाच त्याचा शेवट ठरलेला असतो. बायकांच्या दुपारी फुकट होत्या म्हणून ते जमत होतं, हेही खरं, आणि त्या दुपारी कुणावर लादाव्यात असं मी म्हणणार नाही. पण हौसेने वेळ काढू शकणारीने मशीन पुसून घ्यावं, असं अगदी मनापासून वाटतं.

आता नातवंडांची मापं फोनवर येतात. मुंढा कुठून कुठे मोजायचा हे लेकींना समोर धरून दाखवावं लागतं, आणि परदेशातली मापं सेंटीमीटरमध्ये असतात ती वहीत इंचांत उतरवून घ्यायची. फ्रॉक घडी करून पाठवताना मी आत चिठ्ठी ठेवते: कुठली टीप पक्की आहे, आणि उंची वाढली की खालची कुठली उसवायची.