शिरोड्याला दोघंच

मंडळी, आपल्या बेळगावकराला समुद्र परका नाही. नकाशावर आपण घाटमाथ्यावर, पण इंग्रजांच्या काळात छावणीचा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरायचा आणि आंबोलीच्या घाटानं वर यायचा. म्हणून तर हिंडलग्याकडं जाणाऱ्या रस्त्याला आपण आजही वेंगुर्ला रोड म्हणतो. कॅम्पातल्या बाजारात मासळी येते ती बहुतेक तिकडूनच. तरी समुद्रावर आपण जातो ते कसे, तर गाडी भरून. मुलं, नातवंडं, मामा, आत्या, डब्यात पुरी-भाजी, पातळ भाजीचं पातेलं मांडीवर. नवरा-बायको दोघंच समुद्रावर गेले, असं आमच्या पिढीत सहसा घडलेलं नाही.

आमचंच सांगतो. लग्नाला ४७ वर्षं झाली. लग्नानंतर आम्ही 'फिरायला' गेलो ते जोतिबा आणि नरसोबाच्या वाडीला, आणि सोबत माझी आई, दोन बहिणी आणि एक आतेभाऊ होता. शहापुरातल्या घरात तेव्हा १४ माणसं. त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं, आम्हालाही नाही. तशीच रीत होती.

यंदा फेब्रुवारीत मात्र आम्ही शुक्रवार ते रविवार शिरोड्याला राहून आलो. दोघंच. त्याला कारण झालं, ते आधी सांगतो.

आमची ही मराठी शाळेत शिक्षिका होती. अक्षर असं, की गॅदरिंगच्या वेळी फळा लिहायचा म्हटलं की हेडमास्तर दुसऱ्या कुणाला खडू देत नसत. दोन वर्षांपूर्वी तिचा एक चेक परत आला. शेरा होता, सही जुळत नाही. मी ३६ वर्षं बँकेत काढली. नमुना सही आणि चेकवरची सही शेजारी ठेवून बघणं हे माझं रोजचं काम होतं. घरात बसून तिच्या जुन्या पासबुकातल्या, शाळेच्या कागदांवरच्या सह्या काढल्या. वळण तेच होतं, पण अक्षर दर सहा महिन्यांनी बारीक होत गेलं होतं. शेवटचं अक्षर तर मुंगीएवढं. हात थरथरतोय हे आम्हाला दिसत होतं, ते वयाचं म्हणून सोडलं होतं. डॉक्टरांनी सह्यांचे ते कागद नीट बघितले, तिला चालायला लावलं, बोटं उघड-मीट करायला लावली आणि सांगितलं, पार्किन्सन्स आहे.

या आजाराचं एक विचित्र आहे. हात कामात असला की कमी थरथरतो, मांडीवर स्वस्थ ठेवला की जास्त. म्हणजे स्वयंपाकघरात ती बरी असते, आणि हळदीकुंकवाला चार बायकांत बसली की हात सगळ्यांना दिसतो. बायका वाईट नसतात हो, काळजीनंच बघतात. पण बघतात. गेल्या वर्षभरात तिनं बारशी, मुंजी, वाढदिवस एकेक करून सोडले. दिवाळीनंतर पायही अडायला लागला. उंबऱ्यात आली की पाय जमिनीला चिकटल्यासारखा होतो, पुढं पडतच नाही. फिजिओथेरपीच्या बाईंनी आमच्या बोळवजा पॅसेजमध्ये जमिनीवर रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या लावून दिल्या. समोर रेघ दिसली की ती ओलांडायला पाय आपोआप उचलतो. असं का होतं ते त्यांनी समजावलं: सवयीनं चालण्याची मेंदूतली वाट अडली, तरी डोळ्यांनी बघून पाऊल टाकण्याची वाट उघडी असते.

जानेवारीत एका संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी दोन दिवस जाऊया की."

पुण्याहून मुलगा म्हणाला, मी येतो सोबत. मुलगी म्हणाली, मी रजा काढते. ही म्हणाली, "नको. तुम्ही आलात की मी पेशंट होते." त्यावर कुणी काही बोललं नाही.

शिरोडा तिनंच निवडलं. एक म्हणजे वि. स. खांडेकर तिथल्या शाळेत १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षक होते. दुसरं, तिथला मिठाचा सत्याग्रह. दांडीला ६ एप्रिल १९३० ला मीठ उचललं गेलं आणि मे महिन्यात शिरोड्याला सत्याग्रह झाला. हा धडा तिनं कितीतरी वर्षं मुलांना शिकवला, पण मिठागर म्हणून कधी बघितलं नव्हतं.

बेळगावहून अंतर साधारण सव्वाशे किलोमीटर. ओळखीच्या मुलाची गाडी केली. त्यानं शुक्रवारी सोडायचं, रविवारी न्यायला यायचं. हिंडलगा, सुळगा, बाची, मग शिनोळी. शिनोळी आली की दुकानांच्या पाट्या बदलतात, तिथं आम्ही दर वेळी एकमेकांकडं बघून हसतो, ते याही वेळी झालं. पाटणे फाट्याला चहा, आंबोलीच्या घाटात दोनदा थांबणं, आणि सावंतवाडी मागं टाकली तसे काजूचे मोहोर दिसायला लागले.

वेळागरच्या बाजूला एका घरात खोली घेतली होती. तळमजला, उंबरा नाही, न्हाणीघरात धरायला दांडी आहे, एवढं मी फोनवर तीनदा विचारून घेतलं होतं. घरमालकीण पन्नाशीची. आल्या आल्या तिनं विचारलं, "काकीनू, मासे खातास मां?" ही म्हणाली, "खाते, पण काटे काढायला मला वेळ लागतो." बस, एवढंच बोलणं झालं. दुपारी ताटाऐवजी खोलगट थाळी आली, सोबत मोठा चमचा, आणि मासा सुरमई, म्हणजे मधला एक काटा काढला की झालं. भात वाढताना त्या बाईनं हिच्या हाताकडं बघितलं नाही, थाळीकडं बघितलं. शेजारच्या टेबलावर कोल्हापूरची दोन कुटुंबं जेवत होती. वर्षभरानंतर ही परक्या लोकांत बसून पोटभर जेवली. वर ओल्या काजूची उसळ दोनदा मागून घेतली.

गोळ्यांचं वेळापत्रक सांगतो, कारण ग्रुपवर अशी घरं आणखीही असतील. हिची गोळी जेवणाच्या निदान अर्धा तास आधी घ्यावी लागते. मासे, डाळ, दूध यातली प्रथिनं गोळीच्या आड येतात, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणून मोबाईलवर घंटा लावलेली. गोळी लागू पडली की दोन-अडीच तास चांगले जातात. आमचं सगळं फिरणं त्या तासांत बसवलं. बँकेत कॅशची वेळ पाळायचो, तशी ही वेळ पाळली.

शनिवारी सकाळी मिठागरं बघितली. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत न्यायचं, उन्हानं ते आटत जातं आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. लांब दांड्याच्या लाकडी अवजारानं ते ओढून कडेला ढीग लावतात. बांध अरुंद होते, त्यावर जायचं धाडस केलं नाही, रस्त्यावरूनच बघितलं. तिथं काम करणाऱ्या एका बाईनं ओंजळभर मीठ आणून दिलं. करड्या रंगाचं, जाड. ही म्हणाली, "मी मुलांना सांगायची, मूठभर मीठ उचललं. मूठ एवढी जड असेल असं वाटलं नव्हतं." ते मीठ रुमालात बांधून आणलंय. लोणच्याला वापरणार म्हणते.

परतताना आरवलीच्या वेतोबाला गेलो. उंचपुरी मूर्ती. देवाला केळीचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, त्यामुळं त्याच्या चपला झिजतात, असं तिथली माणसं सांगतात. तिथं ठेवलेल्या चपला ही बराच वेळ बघत राहिली. आम्ही केळी वाहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "देवाला मागितलं काय, तर निदान मंडईपर्यंत चालवत ठेव."

आरवली हे जयवंत दळवींचं गाव. त्यांचं 'संध्याछाया' आम्ही दोघांनी पूर्वी बघितलंय. मुलं लांब गेलेली आणि म्हातारा-म्हातारी घरात, असं ते नाटक. मी विषय काढला, तर ही म्हणाली, "ते नाटक तरुणपणी बघितलं म्हणून रडू आलं. आता बघितलं तर त्या दोघांना सांगेन, जरा बाहेर पडा."

संध्याकाळी सुरूच्या बनातून समुद्रावर उतरलो. कोरड्या वाळूत पाय रुततो, तिथं माझा हात घट्ट धरून होती. ओहोटी होती. ओल्या, घट्ट वाळूवर आलो आणि तिचा पाय अडला. समोर सगळं सपाट, डोळ्याला धरायला काही नाही. मागून माणसं येत होती. घरी असतो तर ती रडवेली झाली असती. मी सुरूची एक वाळकी काटकी उचलली आणि पॅसेजमधल्या पट्ट्यांच्या अंतरानं वाळूवर आडव्या रेघा मारत पुढं चाललो. एक, दोन, तीन. पाठीमागून तिचा आवाज आला, "एवढ्या जवळ नको, मी काय बाळ आहे?" रेघा लांब केल्या. ती एकेक ओलांडत आली. पाण्यापर्यंत ४० रेघा झाल्या, तिनं मोजल्या. एक लहान मुलगी आमच्यामागं त्याच रेघांवरून उड्या मारत आली. तिला वाटलं खेळच आहे. हिनं तिला सांगितलं, "रेघेवर पाय पडला की आउट हं." शाळेतला आवाज. तो मी खूप दिवसांनी ऐकला.

रात्री अंगणात खुर्च्या टाकून बसलो. समुद्र दिसत नव्हता, आवाज येत होता. तिचा उजवा हात माझ्या हातात होता. तो थरथरत होता आणि तिनं तो ओढून घेतला नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मी वाचलंय, या दुखण्यात पुढं चेहरा कोरा होतो. हसू येत नाही, राग येत नाही, काहीच उमटत नाही. तेव्हा तुम्ही समजू नका, की मी रुसलेय किंवा मला काही वाटत नाही."

मी म्हटलं, "अगं, ४७ वर्षं तुझा राग मी भांड्यांच्या आवाजावरूनच ओळखतोय. चेहऱ्याकडं बघायचं धाडस कुणाला होतं?"

ती हसली. अंधार होता, पण हसली ते कळलं.

मग पुढचंही बोललो. मुलगा म्हणतो, पुण्याला या. घर विकायचं का, कधी, मी आधी गेलो तर काय, ती आधी गेली तर काय. हे घरी कधी बोलता येत नाही. कुणीतरी येतं, फोन वाजतो, नाहीतर मुलं डोळ्यांत पाणी आणतात. तिथं दोन तास शांतपणे बोललो. ठरलं ते असं: ती आपल्या पायानं चालते तोवर शहापूर सोडायचं नाही. पायऱ्यांना दांडी बसवायची. रात्री मदतीला बाई लागायला लागली, की त्या दिवशी पुण्याला फोन करायचा, लाजायचं नाही. हे सगळं मी आल्यावर एका कागदावर लिहून दोघांच्या सहीनं मुलांना दाखवलं. मुलगा थोडा नाराज झाला, पण मानलं त्यानं.

रविवारी निघताना घरमालकिणीनं कोकमं दिली आणि हिला म्हणाली, "काकीनू, परत येवा." आणि माझ्याकडं बघून, "काकांकाय हाडा." म्हणजे काकांनाही आणा. गाडीत बसेपर्यंत ही त्यावर हसत होती.

सोमवारी बँकेत जाऊन तिची नवी नमुना सही दिली. आता हातातून जी उमटते ती. काउंटरवरच्या मुलीनं तीनदा करायला लावली, नियमच आहे तो. तिन्ही लहान आल्या, पण एकसारख्या आल्या.

ज्यांच्या घरी असं दुखणं आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, मार्चनंतर कोकणातला उकाडा सोसत नाही. घाट उजेडी चढा-उतरा. गोळ्या दोन दिवसांच्या जास्त घ्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत नको. खोली तळमजल्याचीच घ्या. दिवसाला एकच ठिकाण ठरवा, दुसरं जमलं तर जमलं. आणि मुलं येतो म्हणाली तरी एकदा दोघंच जाऊन बघा.

आम्ही नोव्हेंबरची खोली सांगून ठेवलीय. तोवर काही अडचण आली तर तारीख बदलू, असं घरमालकिणीशी बोलणं झालंय.