जिवाणी



मे महिन्यात पुतणीकडे धडगावला जाऊन आले. ती तिथे नर्स आहे. एका पाड्यावर बाळांच्या लसीकरणाला निघाली तेव्हा म्हणाली, "काकू, तुम्हीही चला."

आपल्याकडे भिंतीला भिंत लागून घरं. सातपुड्यात पावरा आणि भिल्लांची घरं मात्र ज्याच्या त्याच्या शेतात, वेगवेगळ्या टेकडीवर. पाडा एकच, पण एका घरून दुसऱ्या घरी जायचं तर उतरा आणि पुन्हा चढा. अंगणात, खडकांवर सोललेल्या कैरीच्या फोडी आमचुरासाठी वाळत होत्या.

एका घरी पोचल्या पोचल्या मी दोन तांबे पाणी घेऊन पाय धुतले. मग त्या बाईने प्यायला पाणी दिलं. मी पिशवीतून गाळणं काढलं. ती काही न बोलता हंडा घेऊन पुढे आली. पाणी गाळलं, प्यायले. आता जिवाणी? खरं सांगते, घरी नळ आल्यापासून माझी जिवाणी मोरीतच जाते. इथे मात्र मनाला ते पटेना. विचारलं, "पाणी कुठलं?" तिने खाली नाल्याकडे बोट दाखवलं.

ती पुढे, मी तांब्या धरून मागे. तळाशी वाळूत खणलेला एक झिरा होता. वाटीवाटीने भरावा तेव्हा हंडा भरतो. जिवाणी हळूच सोडली. वर येताना रिकामा तांब्या हातात, तरी तीनदा बसले. तिच्या डोक्यावर भरलेला हंडा होता आणि माझ्यासाठी ती तीनदा थांबली. सकाळपासूनची तिची ही चौथी खेप होती.

मी बी.कॉम. झालेली. जमा कोणाच्या नावावर, खर्च कोणाच्या, हे बघायची सवय आहे. व्रत माझ्या नावावर जमा होत होतं, आणि पाय धुतलेले दोन तांबे तिच्या नावावर खर्च. जिवाणीतल्या जिवांची काळजी केली, पण समोरच्या पंचेंद्रिय जीवाची आठवण व्हायला मला तो चढ चढावा लागला.

निघताना तिच्याकडून किलोभर आमचूर घेतलं. सांगितला तोच भाव दिला. आता कुठेही जाताना गाळलेलं पाणी घरूनच नेते, आणि पाय ओल्या फडक्याने पुसते.

तुमच्याकडे जिवाणी कुठे सोडता? जरूर कळवा.