चेंडूवरची चांदणी

आमच्या घरी आकाशकंदील करण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे असते. चित्रकलेचा मास्तर घरात असताना कंदील बाजारातून आणणे म्हणजे, आमच्या आईच्या मते, गवळ्याच्या घरी दुधाची भुकटी आणण्यासारखे आहे. यंदाही मी कामट्या तासल्या, खळ शिजवली आणि पाच टोकांची चांगली हातभर चांदणी उभी केली. पिवळा कागद चिकटवताना मला दरवर्षी एका चेंडूची आठवण होते, तशी ती यंदाही झाली. त्या चेंडूवरही एक चांदणी आहे. मात्र ती कुणी हौसेने चिकटवलेली नाही. ती कातड्यात कोरलेली आहे, आणि शोभेसाठी नव्हे, तर डाग म्हणून कोरलेली आहे.

गोष्ट २००७ सालच्या डिसेंबरातली. माझी थोरली बहीण कॅलिफोर्नियात असते. नाताळच्या सुटीत ती, दाजी आणि नऊ वर्षांचा भाचा असे तिघे वाईला आले होते. भाचेबुवांच्या अंगात रात्रंदिवस एकच सदरा. पाठीवर पंचवीसचा आकडा. आईने तो धुवायला मागितला तर स्वारी नळाशी पहारा करीत बसायची. पंचवीस हा बॅरी बाँड्सचा आकडा, आणि बॅरी बाँड्स हा सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाचा देव, एवढे ज्ञान मला पहिल्याच दिवशी मिळाले.

बेसबॉल मला तोवर मुळीच ठाऊक नव्हता. भाच्याने अंगणात तो मला शिकवला. आपल्या षटकारासारखा तिकडे ‘होम रन’. चेंडू कुंपणापार गेला की फलंदाजाने चारी ठाण्यांवरून डौलात फेरी मारून घरी यायचे. त्या वर्षी ऑगस्टच्या ७ तारखेला बाँड्सने ७५६ वा होम रन मारला आणि हँक एरन ह्या थोर खेळाडूचा ७५५ चा विक्रम मोडला. मोसम संपला तेव्हा त्याचा आकडा ७६२ वर थांबला होता. हा आकडा भाचा शुभंकरोतीनंतर पाढ्यासारखा म्हणत असे.

आणि मग एका सकाळी दाजी गणकयंत्रापुढून उठले ते गंभीर चेहऱ्याने. जॉर्ज मिचेल नावाच्या माजी सेनेटरने १३ डिसेंबरला एक अहवाल प्रसिद्ध केला होता. व्यावसायिक बेसबॉलमध्ये ताकद वाढवणारी औषधे किती बोकाळली आहेत, ह्याची ती चौकशी होती. अहवालात ८९ खेळाडूंची नावे होती, आणि त्यांत बाँड्सचेही होते.

“काढून ठेव तो सदरा,” दाजी म्हणाले.

पोराने सदरा काढला नाही. तो मागच्या परसात जाऊन बसला. संध्याकाळी मी शेजारी जाऊन बसलो, तेव्हा त्याने मला एवढेच विचारले, “मामा, सातशे बासष्टमधले त्याचे स्वतःचे किती?”

मी मॅट्रिकच्या पुढे गेलेला माणूस नाही, आणि गणित तर माझे बेताचेच. तरी वजाबाकी जमेल असे वाटले. पोराने आकडे सांगितले, मी फरशीवर खडूने मांडले. १९९८ सालाअखेर बाँड्सचे ४११ होम रन झाले होते. त्याच्यावरचा आरोप आहे तो त्यानंतरच्या काळाचा. म्हणजे उरले ३५१. ते सगळे औषधाचे म्हणावेत काय? पण गोलंदाजाच्या हातून सुटलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापुढे येतो. तेवढ्या वेळात तो कसा येतो आहे हे ओळखायचे आणि फळी फिरवायची. ती नजर कुठल्याही बाटलीत मिळत नाही. औषध स्नायूंना बळ देते, थकलेले अंग लवकर भरून आणते, आणि कुंपणाच्या अलीकडे पडणारा चेंडू कदाचित पलीकडे नेते. मग त्या ३५१ मधले अलीकडे पडले असते असे किती? खडू हातात राहिला. उत्तर मांडता आले नाही.

पुढे मी ह्या प्रकरणाचा नाद घेतल्यासारखे वाचन केले. त्यातली सर्वांत चटका लावणारी गोष्ट म्हणजे, ह्या माणसाला कशाची गरजच नव्हती. त्याचा बाप नावाजलेला खेळाडू. १९९०, १९९२ आणि १९९३ अशा तीन वर्षी तो त्याच्या लीगमधला सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला होता. १९९८ चा उन्हाळा आला आणि मार्क मॅग्वायर व सॅमी सोसा ह्या दोघांनी देश वेडा करून सोडला. एका मोसमात ६१ होम रन हा रॉजर मॅरिसचा १९६१ सालचा विक्रम मोडून मॅग्वायर ७० वर पोहोचला, सोसा ६६ वर. खऱ्या गुणी माणसाकडे त्या वर्षी कुणी वळून पाहिले नाही. बाँड्सवर लिहिणाऱ्या वार्ताहरांचे म्हणणे असे की, त्याच्या मनात काटा रुतला तो तिथे. तीन वर्षांनी, २००१ मध्ये, त्याने एका मोसमात ७३ होम रन मारले.

न्यायाने बोलायचे तर, जाणूनबुजून औषध घेतल्याचे त्याने कधीच कबूल केले नाही. बाल्को नावाच्या कंपनीच्या प्रकरणात त्याची शपथेवर साक्ष झाली. आपल्याला दिले ते जवसाचे तेल आणि सांधेदुखीचे मलम होते अशी आपली समजूत होती, असे त्याने सांगितल्याचे वर्तमानपत्रांनी छापले. (आमच्या आईने जन्मभर जवसाची चटणी केली, आमच्या घरात कुणाचे दंड फुगले नाहीत.) २०११ साली न्यायाच्या कामात अडथळा आणल्याबद्दल तो दोषी ठरला, आणि २०१५ साली तोही निकाल वरच्या न्यायालयाने रद्द केला. मॅग्वायरने मात्र २०१० च्या जानेवारीत आपण औषधे घेत होतो हे स्वतःच्या तोंडाने सांगितले.

आणि लोक? १९९४ साली खेळाडूंच्या संपामुळे अंतिम सामने झालेच नव्हते. रुसलेला प्रेक्षक ह्या होम रनच्या आतषबाजीने परत आला. १९९८ च्या ऑगस्टमध्येच मॅग्वायरच्या कपाटात एका वार्ताहराला एक बाटली दिसली होती. ते औषध तेव्हा बेसबॉलच्या नियमांत बसत होते. पण बाटलीपेक्षा वार्ताहरावरच लोक अधिक चिडले! घरात अचानक पैसा येऊ लागला की तो कुठून येतो हे कोण विचारतो? दंडासकट तपासणी सुरू झाली ती २००४ साली. २००५ च्या मार्चमध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे सुनावणी झाली. मोठमोठे खेळाडू आले, आणि टेक्ससहून एक बापही आला. त्याचा सतरा वर्षांचा मुलगा शाळेच्या संघात खेळत असे. अंग भरावे म्हणून त्याने हीच औषधे गुपचूप घेतली, आणि त्या फेऱ्यातच मुलाने जीव दिला, असे त्या बापाचे सांगणे होते. ही औषधे बाहेरून आली की शरीर स्वतःचे पुरुषरस तयार करणे थांबवते. ती सोडली की मन काळवंडते, आणि कोवळ्या वयात घेतली तर हाडांची वाढ आधीच थांबू शकते. उसने बळ घरचे बळ हुसकून लावते, असा त्याचा अर्थ.

हे वाक्य मी मास्तरकीच्या सवयीने लिहून गेलो. पण त्या रात्री परसात मला झोंबला तो औषधाचा भाग नव्हे. मला झोंबली ती पोराची वजाबाकी. कारण तसाच एक हिशेब माझ्याही नावावर होता.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या वर्गातल्या एका मुलाचे चित्र मी एका मोठ्या स्पर्धेला पाठवले होते. कृष्णेचा घाट, पुराचे पाणी, ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत. मुलाचा हात विलक्षण होता. चित्र आहे तसे पाठवले असते तरी कदाचित बक्षीस आले असते. पण ‘कदाचित’ ह्या शब्दावर माझा विश्वास नव्हता. आमच्या शाळेला वर्षानुवर्षे काही मिळाले नव्हते. रात्री घरी मी ब्रश घेतला आणि पाण्यातली प्रतिबिंबे फिरवली. भिंतीवरची सावली गडद केली. अर्ध्या तासाचे काम! सकाळी चित्र पाहून मुख्याध्यापक म्हणाले, “छान खुललं की हो!” त्यांनी आदल्या दिवशीचे चित्र पाहिले होते. पहिले बक्षीस आले. प्रदर्शनात तो मुलगा आपल्या चित्रापुढे बराच वेळ उभा होता. मला वाटले, आनंदाने.

त्यानंतर त्याने चित्र म्हणून काही काढले नाही. ‘अभ्यास आहे सर,’ म्हणाला. मी समजून घेतल्यासारखे केले.

दरम्यान तिकडे त्या ७५६ व्या चेंडूची निराळीच कथा झाली. एका वेशकाराने तो ७,५२,४६७ डॉलरना विकत घेतला आणि त्याचे काय करावे ह्यावर लोकांची मते मागवली. चेंडू तसाच संग्रहालयात ठेवावा, की अग्निबाणाने अंतराळात धाडावा, की त्यावर चांदणीची खूण करून संग्रहालयाला द्यावा? सर्वाधिक मते चांदणीला पडली. पुस्तकात एखाद्या आकड्यापुढे अशी चांदणी असली की वाचणाऱ्याने समजावे, खाली काही तरी टीप आहे. २००८ साली तो चेंडू कूपर्सटाऊनच्या संग्रहालयाकडे गेला. बाँड्स स्वतः मात्र तिथल्या मानकऱ्यांत जाऊ शकला नाही. वार्ताहरांची ७५ टक्के मते लागतात. २०२२ साली दहाव्या आणि शेवटच्या खेपेला त्याला ६६ टक्के मिळाली.

तो निकाल भाच्याने मला कळवला. आता तो चोवीस वर्षांचा होता. सदरा अजून पेटीत असल्याचेही त्याने लिहिले होते. मी उठलो आणि चौकातल्या फलक छापण्याच्या दुकानात गेलो. माझा तो विद्यार्थी तिथे काम करतो. वाढदिवसांचे फलक जुळवण्यात त्याचा दिवस जातो. मी त्याला बाहेर बोलावले आणि पंधरा वर्षांपूर्वीची ती रात्र सांगितली.

तो रागावला नाही. खाली पाहत म्हणाला, “मला तेव्हाच कळलं होतं, सर. पाणी माझं नव्हतं. मला वाटलं, माझं सगळंच इतकं वाईट होतं की तुम्ही नवंच काढलंत.”

“नाही रे. पाणी आणि भिंतीवरची सावली. एवढंच.”

“मग पायऱ्या?”

“पायऱ्या सगळ्या तुझ्या.”

“आणि ती बाई? धुण्याची?”

“ती तुझीच. तिला मी हात लावला नाही. मला ती तशी जमलीच नसती.”

तो काही बोलला नाही. आत कुणी तरी हाक मारली, तसा गेला.

बाँड्सचे किती, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. माझ्या मुलाचे किती, हे सांगणारा एक माणूस होता, आणि तो पंधरा वर्षे गप्प बसला होता. बक्षिसाचा खोटेपणा लहान. त्या खोटेपणाने त्याच्या खऱ्या पायऱ्याही त्याच्यापासून हिरावून घेतल्या, हे पाप मोठे.

तो पुन्हा चित्रे काढू लागला, असे लिहून हा लेख गोड करता आला असता. तसे झालेले नाही. फक्त परवा मी कंदिलाच्या कागदासाठी त्याच चौकातून जात होतो, तेव्हा दुकानाच्या दारावर एक कंदील टांगलेला दिसला. कामट्यांचा, हाताने केलेला. एक टोक जरा वाकडे होते. आत जाऊन ते सरळ करून द्यावे असा मोह मला झाला, हे कबूल करतो.

मी हात खिशात घातले आणि पुढे चालू लागलो.