पंपाचा नंबर शेवटचा

जळोचीच्या बाजारातून भाजी भरलेली पिकअप मोरगाव-जेजुरीमार्गे पुण्याला जाते, माल उतरवते आणि येताना दिवे घाट चढताना, रिकामी असूनही, दम टाकते. मग ती माझ्या गॅरेजात. फॉल्ट कोड कुणीतरी आधीच काढलेला असतो: रेल प्रेशर कमी. ड्रायव्हर म्हणतो, "पंप गेलाय म्हणे, दादा."

कोड एवढंच सांगतो की इंजेक्टरांकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब कमी आहे. का, ते शोधायचं काम आपलं. फिल्टर तुंबला असेल, टाकीकडच्या पाइपातून हवा ओढली जात असेल, एखादा इंजेक्टर जास्तीचं डिझेल परत सोडत असेल, पंपही असेल. चाचणी कुठलीही असो, मी आधी बघतो की तिचं उत्तर 'हो' आलं तर काय करणार नि 'नाही' आलं तर काय. दोन्हीकडे पुढचं काम तेच असेल, तर पाना उचलायचा कशाला?

म्हणून आधी फिल्टर बघायचा, मग पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळी जोडायची. बुडबुडे दिसले की हवा पंपाच्या आधीच शिरतेय, हे पक्कं. नाहीतर इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या बाटल्यांत सोडायच्या. जी बाटली लवकर भरते तिचा इंजेक्टर संशयित. पंप सगळ्यात महाग, म्हणून त्याचा नंबर शेवटचा.

जुन्या गाड्यांत धूर ही फुकटची चाचणी होती. ताकद नाही नि धूर काळा, तर हवा कमी: टर्बोची होस फाटली असेल. ताकद नाही नि धूरही नाही, तर डिझेल कमी. एका प्रश्नात निम्मी गाडी बाजूला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं. सायलेन्सरच्या वाटेवरचा फिल्टर काजळी गिळतो, धूर दिसतच नाही. आता स्कॅनर लावून, माल भरून गाडी चढाला न्यायची आणि रेल प्रेशर व टर्बोचा दाब, हवा तेवढा नि मिळतो तेवढा, शेजारीशेजारी बघायचा. उभ्या गाडीवर हे आकडे बहुधा ठीकच दिसतात.

बॅटरीचंही तसंच. उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दिसले म्हणून सेल्फ फिरेलच असं नाही. सेल्फ मारताना बॅटरीची निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यात मोजायचं. अर्धा व्होल्ट दिसला तर आधी अर्थिंगची वायर बघा.

गिऱ्हाईक विचारतं, "तास गेला, बदललं काय?" एक क्लिप नि वीतभर नळी. पंप बदलला असता, तर हा प्रश्न त्यानं विचारला नसता.