एकच पाव, नावं किती!

मुलांनो, एक लांबलचक पाव घ्यायचा, उभा चिरायचा, त्यात मांसाचे काप, चीज, टोमॅटो, कांदा असं काहीबाही दाबून भरायचं आणि दोन्ही हातांनी धरून खायचं. अमेरिकेत हा पदार्थ जिकडेतिकडे मिळतो. बहुतेक ठिकाणी 'सब' म्हटलं की कळतं. सब म्हणजे सबमरीन, पाणबुडीसारखा दिसतो ना! पण गावोगावची जुनी नावं वेगळीच आहेत. चला, आगगाडीत बसू या.

निघालो बोस्टनहून. इथे एक गंमत. जुन्या दुकानात 'मिल्कशेक' मागितलात तर कदाचित नुसतं गोड दूध घुसळून मिळेल, आइस्क्रीमशिवाय! आइस्क्रीम हवं तर 'फ्रॅप' म्हणायचं. शेजारच्या ऱ्होड आयलंडमध्ये त्यालाच म्हणतात 'कॅबिनेट'. म्हणजे कपाट! आपला पाव इथे होतो 'ग्राइंडर'. कडक पाव दातांनी दळावा लागतो म्हणून, असं सांगतात.

न्यूयॉर्कला तोच 'हीरो'. इथून 'क्रेसेंट' नावाची गाडी धरायची. दीड तासात फिलाडेल्फिया, तिथे 'होगी'. हॉग आयलंडच्या गोदीतले कामगार असा पाव डब्यात नेत, त्यावरून हे नाव पडलं म्हणतात. अभ्यासकांना मात्र हे फारसं पटत नाही.

आता लांबचा पल्ला आहे, तोवर ऐका. १९६५ ते १९७० या काळात प्राध्यापक फ्रेडरिक कॅसिडी यांचे सहकारी मोटारी घेऊन देशभरातल्या सुमारे हजार गावी गेले. प्रत्येक गावात सोळाशेहून अधिक प्रश्न! याला काय म्हणता, त्याला काय म्हणता? म्हाताऱ्या माणसांना तर मुद्दाम गाठून विचारलं. ती गेली की शब्दही जाणार, हो ना? या शब्दकोशाचा पहिला खंड १९८५ मध्ये आला. २००० साली कॅसिडी वारले. त्यांच्या समाधीच्या दगडावर 'चला, झेडपर्यंत' अशा अर्थाचे शब्द आहेत. झेड अक्षराचा खंड आला २०१२ मध्ये.

अटलांटा आलं. १८८६ साली कोकाकोला इथेच जन्मला. या भागात कुठल्याही बाटलीतल्या फसफसत्या पेयाला 'कोक' म्हणायची पद्धत आहे. "कोक हवा?" "हो." "कुठला?" असं संभाषण ऐकलंत तर हसू नका हं!

आणि हे न्यू ऑर्लिन्स. इथे पावाचं नाव आहे 'पो बॉय', म्हणजे गरीब बिचारा पोरगा. १९२९ च्या जुलैत इथल्या ट्राम कामगारांनी संप पुकारला. हजाराहून जास्त घरांचा पगार बंद. बेनी आणि क्लोव्हिस मार्टिन या भावांनी पूर्वी ट्रामवर नोकरी केलेली, आता त्यांचं खाणावळीसारखं दुकान होतं. त्यांनी संघटनेला पत्र लिहून कळवलं, तुमच्या माणसांना आमच्याकडे जेवण फुकट. नेहमीचा पाव टोकांना निमुळता, तुकडे लहानमोठे पडायचे. मग जॉन जेंदुसा या बेकरीवाल्यानं सरळ, सगळीकडे सारखा रुंद पाव भाजून दिला. सगळ्यांना सारखा तुकडा! संपवाला दारात दिसला की "आला आणखी एक गरीब पोरगा" असं आत म्हणत, आणि तेच नाव पावाला चिकटलं, असं बेनी सांगत.

संप कामगार हरले. पो बॉय अजून मिळतो, तळलेली कोळंबी भरून. दुकानदार विचारेल, "ड्रेस्ड?" कपड्यांचं नाही विचारत तो! कोबीसारखी लेट्यूसची पानं, टोमॅटो, लोणच्याची काकडी, मेयोनीज घालू का, एवढंच विचारतोय.